मोशीचा फ्लॅट, जुनं कार्ड आणि टोकनची घाई

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात ६२ हजार येतात. बायको शाळेत शिकवते, तिचा पगार २८ हजार. मोशीत टू बीएचकेचा रिसेल फ्लॅट ४६ लाखांत ठरतोय. आमचं पहिलंच घर. ३६ लाख कर्ज काढायचं, ११ लाख साठवलेत. अडचण अशी, की २०२० मध्ये नोकरी गेली तेव्हा क्रेडिट कार्डाची बिलं थकली. व्याज-दंड धरून आकडा १ लाख ३४ हजारांवर गेला. २०२१ मध्ये वसुलीवाल्याने ५८ हजारांत सेटलमेंट करून दिली, 'आता फाईल बंद' म्हणाला. परवा बँकेतल्या ओळखीच्या माणसाने सिबिल काढलं तर स्कोअर ६८८, आणि त्या कार्डापुढे 'सेटल्ड'. तो म्हणाला, अवघड आहे. सध्या दुसरं एक कार्ड आहे. लिमिट ८० हजार, बाकी ७० हजार, पण मिनिमम दर महिन्याला न चुकता भरतो. बाईकचा ४ हजारांचा हप्ता आहे. एक एजंट १५ हजारांत सिबिल क्लिअर करून देतो म्हणतो. मित्र म्हणतो, पहिल्या कर्जाला सिबिल लागतच नाही. कर्ज एकट्या बायकोच्या नावावर काढलं तर? फ्लॅटमालक महिनाअखेरपर्यंत १ लाख टोकन मागतोय. बायकोला सेटलमेंटचं काही माहीत नाही."
(एक वाचक, चिंचवड)

नमस्कार,

टोकन देऊ नका. निदान या महिन्यात तरी नाही. तुमचं काम होण्यासारखं आहे, पण महिनाअखेरच्या आत होण्यासारखं नाही, आणि त्याचं कारण एकटं सिबिल नाही. तुमच्या पत्रातलाच हिशेब जमत नाहीये. त्याकडे येतोच, आधी कार्ड.

वसुलीवाला 'फाईल बंद' म्हणाला ते त्याच्यापुरतं खरं होतं. त्याचे फोन बंद झाले. पण १ लाख ३४ हजारांपैकी ५८ हजार घेऊन बँकेने उरलेल्या ७६ हजारांवर पाणी सोडलं आणि तसं क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवलं. पूर्ण पैसे भरून बंद केलेलं खातं 'क्लोज्ड' दिसतं, तुमचं 'सेटल्ड' दिसतं. गृहकर्ज देणारा माणूस वाचतो ते एवढंच, की हे गिऱ्हाईक अडचणीत आलं तेव्हा बँकेला निम्म्याहून जास्त रकमेचा फटका बसला. आता हेच गिऱ्हाईक वीस वर्षांसाठी ३६ लाख मागतंय. तुम्ही त्याच्या खुर्चीत असता तर तुम्हीही थबकला असता.

पण थबकणं म्हणजे नकार नव्हे. अमुक स्कोअरच्या खाली गृहकर्ज द्यायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या पुढे बहुतेक दारं उघडी असतात. ६८८ ला काही बँका नाही म्हणतील, काही जास्त दर लावतील. तो जास्त दर किरकोळ वाटतो म्हणून आकडा मांडतो. समजा चांगल्या स्कोअरला ८ टक्के आणि तुम्हाला ८.७५ टक्के. ३६ लाखांवर वीस वर्षांचा हप्ता पहिल्या दराने ३०,११२ रुपये, दुसऱ्याने ३१,८१४. महिन्याला १,७०० चा फरक, आणि दर तेच राहिले तर वीस वर्षांत ४ लाखांवर. कार्डाच्या ७६ हजारांपेक्षा कितीतरी जास्त.

तेव्हा पहिलं काम, रिपोर्ट स्वतः काढा. ओळखीच्या माणसाच्या मोबाईलवर पाहिलेल्या स्क्रीनवर विसंबू नका. त्याने बँकेमार्फत काढला असेल तर त्याची 'एन्क्वायरी' (कर्जासाठी झालेली विचारणा) म्हणून नोंदही पडली असेल. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. देशात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा. तुमची बँक कोणता पाहील ते आधी सांगता येत नाही, आणि एकात दुरुस्त झालेली नोंद दुसऱ्यात तशीच पडून असल्याचं सर्रास दिसतं.

रिपोर्ट उघडलात की प्रत्येक खात्याखाली महिन्यांची एक जाळी दिसेल, जास्तीत जास्त ३६ महिन्यांची. ००० म्हणजे त्या महिन्यात थकबाकी नाही. ०३० म्हणजे तीस दिवस मागे. एक्सएक्सएक्स म्हणजे बँकेने काही कळवलंच नाही. तुमच्या जुन्या कार्डाच्या जाळीत ०३०, ०६०, ०९० असा जिना चढलेला असणार. इथे एक गोष्ट बारकाईने बघा. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, दिला होता, आणि तो घेतलेल्यांची तेवढी थकबाकी ब्युरोकडे डिफॉल्ट म्हणून जायला नको होती. तुम्ही तेव्हा कार्डावर मोरॅटोरियम घेतला असेल आणि तरीही त्या महिन्यांत आकडे चढलेले असतील, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून मागता येते.

आता 'सेटल्ड'चं काय करायचं. वाट बघत बसणं हा एक मार्ग. ब्युरोंनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची असा नियम आहे, म्हणजे २०२८ पर्यंत ती नोंद तुमच्या मागे असेलच असं धरून चाला. दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी बरा वाटतो: सोडलेली रक्कम आता भरून खातं 'क्लोज्ड' करून घेणं. हे भरायचं तुमच्यावर बंधन नाही. सेटलमेंट रीतसर झाली आहे, बँक आता मागू शकत नाही. पण घर घ्यायचं असेल तर हा खर्च घराच्या खर्चातच धरा.

ते करायची रीत मात्र नीट पाळा. बँकेच्या कार्ड विभागाला ईमेल करा आणि ७६ हजारांत मुद्दल किती, व्याज किती, लेट फी किती हा हिशेब मागा. बऱ्याचदा मुद्दल भरायची तयारी दाखवली की दंडाचा भाग सोडून द्यायला बँक तयार होते, घासाघीस करायला हरकत नाही. ठरलेली रक्कम भरल्यावर ब्युरोंना 'क्लोज्ड' असं कळवू, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. फोनवरचं आश्वासन चालणार नाही, २०२१ मध्ये तुम्ही तेच ऐकलं होतंत. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात, तुमच्या बँक खात्यातून. कुणाच्याही यूपीआय नंबरवर नाही. मग नो ड्यूज सर्टिफिकेट (काहीही बाकी नसल्याचा दाखला) घ्या आणि त्याची मूळ प्रत जपून ठेवा.

जानेवारी २०२५ पासून बँकांनी ब्युरोंना किमान दर पंधरवड्याला माहिती द्यायची आहे, त्यामुळे महिन्याभरात बदल दिसायला हवा. नाही दिसला तर ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट टाका, सोबत नो ड्यूज जोडा. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

एक अपेक्षा आत्ताच खाली आणतो. शिक्का बदलला म्हणून स्कोअर दुसऱ्या दिवशी ७५० होणार नाही. चढलेले आकडे इतिहासात राहतात. बदलतं ते क्रेडिट मॅनेजरचं वाचन. 'बँकेला बुडवलं' आणि 'उशिरा का होईना पूर्ण दिलं' या दोन वेगळ्या फाइली आहेत, आणि दुसरीला डेव्हिएशन टाकून, म्हणजे बँकेच्या नेहमीच्या निकषाला अपवाद करून, मंजुरी मिळवता येते.

एजंटच्या १५ हजारांबद्दल फार लिहीत नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करू शकता आणि खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही. मग तो पैसे कशाचे घेतो? वर तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी त्याच्या हातात जातात ते वेगळंच.

मित्र म्हणतो ती बातमी अर्धी खरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे, की पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. ती सोय ज्याच्या नावावर आजवर काहीच नाही त्याच्यासाठी. तुमचं हे पहिलं गृहकर्ज असेल, पण पहिलं कर्ज नाही. कार्ड हे कर्जच, बाईकही कर्जच. उद्या दुसरा कुणी मित्र सहकारी बँकेचं नाव सांगेल, 'तिथे चालतं' म्हणून. तिथेही रिपोर्ट पाहतात.

मला जुन्या कार्डापेक्षा आत्ताच्या कार्डाची जास्त काळजी वाटते. मिनिमम न चुकता भरतो, असं तुम्ही जरा अभिमानाने लिहिलंय. समजा कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. ७० हजारांवर व्याज २,४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४४१, झाले २,८९१. मिनिमम ५ टक्के म्हणजे ३,५००. म्हणजे तुम्ही भरलेल्या साडेतीन हजारांतून मुद्दलात जातात जेमतेम सहाशे. आणि बाकी पुढे ओढत असताना त्याच कार्डावर काढलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. उलट बाजूला तुमचे ११ लाख बँकेत सहा-सात टक्क्यांवर बसलेत. घराचे पैसे म्हणून त्यांना हात लावायचा नाही, असं मनाशी ठरवलेलं असणार. अनेक घरांत असंच असतं, आणि त्या नियमापायी वर्षाला तीस हजारांच्या वर व्याज जातं.

हे ७० हजार याच आठवड्यात भरून टाका. लिमिटच्या जवळपास नव्वद टक्के वापर हा स्कोअर दाबून ठेवणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि सगळ्यात लवकर सुधारणारंही तेच. पुढची दोन-तीन बिलं निघाली की फरक दिसू लागेल. कार्ड बंद मात्र करू नका. महिन्याला लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापरा आणि टोटल ड्यू ऑटो-पेवर टाका. एखाद्या वेळी चुकलंच तर तारखेनंतर तीन दिवसांच्या वर गेल्याशिवाय बँकेने थकबाकी म्हणून कळवायचं नसतं, पण त्या तीन दिवसांवर संसार करू नका. हे कार्ड फेडायला पर्सनल लोन काढायचा विचार असेल तर तोही सोडा. गृहकर्जाच्या तोंडावर नवं कर्ज रिपोर्टमध्ये आणखी एक प्रश्न उभा करतं.

आता बायकोच्या एकटीच्या नावाचं. बँका साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते धरतात. २८ हजारांचे १४ हजार. वीस वर्षं, ८ टक्के, त्यावर कर्ज बसतं १६-१७ लाखांचं. तेही पूर्ण पगार खात्यात जमा होत असेल तर. काही खासगी शाळांत खात्यात एक आकडा आणि हातात दुसरा असा प्रकार असतो. बँक खात्यातलाच धरते. तुमच्या एकट्याच्या पगारावर बाईक आणि कार्डाचे मिळून साडेसात हजार वजा जाता कर्ज २८ लाखांच्या आसपास थांबतं. म्हणजे ३६ लाखांसाठी दोघं लागणार, आणि दोघं आलात की दोघांचेही रिपोर्ट निघणार. तिच्या मागे लपता येणार नाही. दोघांच्या मिळून पगारावर ३० हजारांचा हप्ता आरामात बसतो, ही त्यातली चांगली बाजू.

फ्लॅट मात्र तिच्या एकटीच्या नावावर घेता येईल का, हे बँकेला जरूर विचारा. कर्जात तुम्ही सहअर्जदार, मालकी तिची. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. तुमच्या फ्लॅटवर ४६ हजार वाचतात.

त्यावरून तो न जमणारा हिशेब. ४६ मधून ३६ वजा, उरले १०, आपल्याकडे ११, असं तुम्ही धरलंय. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख २२ हजार. नोंदणी ३० हजार. यासाठी बँक कर्ज देत नाही, ते खिशातून. झाले साडेतेरा लाख. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपर्यंत, दलाली, प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट वेगळे. शिवाय ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि किंमत म्हणजे साठेखतातली किंवा बँकेच्या व्हॅल्युअरची, यातली कमी असेल ती. रिसेलमध्ये व्हॅल्युअरने ४३ लाख लावले तर तुमचं कर्ज ३४ लाख ४० हजारांवर येतं. यात कार्डाचे ७० हजार आणि जुने ७६ हजार मिळवा. एकही सिबिल रिपोर्ट न पाहतासुद्धा तुम्ही आज चारेक लाखांनी कमी आहात.

म्हणून म्हणालो, महिनाअखेर विसरा. सहा ते दहा महिने घ्या. पीएफमधून घरासाठी पैसे काढता येतात, तुम्हाला किती मिळतील ते पोर्टलवर बघून ठेवा. मालक थांबायला तयार नसेल तर हा फ्लॅट जाऊ द्या. मोशीत फ्लॅटचा दुष्काळ पडलेला नाही. पुढे कधी टोकन द्यायची वेळ आली तर चेकने द्या आणि 'कर्ज नामंजूर झाल्यास इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत' हे एक वाक्य पावतीवर मालकाच्या सहीने घ्या. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे रेराचं (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या कायद्याचं) संरक्षण आहे. दोन माणसांमधल्या रिसेल व्यवहारात ते नाही, तिथे त्या पावतीवरच सगळं.

बायकोला सांगायचं तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंय. तेच आधी करा. गृहकर्जाच्या फाईलला बँक पर्सनल डिस्कशनसाठी दोन्ही अर्जदारांना समोर बसवते आणि पहिल्या पाच मिनिटांत विचारते, "२०२१ मध्ये कार्ड सेटल केलं होतं ना?" हे तिला बँकेच्या टेबलावर कळलं तर तुमच्या घरात जे होईल ते होईलच, पण मॅनेजरही बघत असतो की सहअर्जदाराला काही माहीत नाही. चारही रिपोर्ट काढलेत की ते घेऊन तिच्यासमोर बसा. तिचाही काढा त्याच दिवशी. जुनं, न वापरलेलं कार्ड, त्याची वार्षिक फी थकलेली, असं काही तिच्या नावावरही निघू शकतं. तुम्ही दोघांपैकी कुणी चुलतभावाला, मित्राला जामीन राहिला असाल तर तेही रिपोर्टमध्ये दिसतं, आणि त्याने हप्ते चुकवले असतील तर त्याचा डाग तुमच्यावर. तुम्ही चोरी केली नव्हती, नोकरी गेली होती. त्या वर्षी पुणे पट्ट्यात तुमच्यासारखे किती होते हे तिलाही माहीत आहे. पाच वर्षं सांगितलं नाही याचा राग येईल, तो मात्र ऐकून घ्या.

मग फाईल. चार डीएसएंना, म्हणजे बँकांच्या कर्ज-एजंटांना, एकदम कागद देऊ नका, प्रत्येक जण तीन बँकांत अर्ज टाकतो आणि पंधरा दिवसांत रिपोर्टवर डझनभर एन्क्वायऱ्या पडतात. तुमचा पगार जिथे जमा होतो त्या बँकेपासून सुरुवात करा, एका वेळी एकच. तिथे नाही झालं तर एखादी हाऊसिंग फायनान्स कंपनी जास्त दराने देईल. घ्यायला हरकत नाही, कारण वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग (बदलत्या) दराचं असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, आणि दीड-दोन वर्षं हप्ते वेळेवर गेले की दुसऱ्या बँकेत बॅलन्स ट्रान्सफर करता येतो. त्यात पुन्हा प्रोसेसिंग फी आणि मॉर्गेजचा स्टॅम्प जातो, तो धरून हिशेब करा.

अर्जासोबत एका पानाचं पत्र जोडा: नोकरी कधी गेली, दुसरी कधी लागली, कार्ड कशाने थकलं, कधी सेटल केलं, उरलेले कधी भरले. त्याला जुन्या कंपनीचं कमी केल्याचं पत्र, नव्या कंपनीचं नेमणूकपत्र, सेटलमेंट लेटर आणि नो ड्यूजची प्रत लावा. कुणी विचारायच्या आत ते पान तुम्हीच पुढे करा.